रम जंगलची खाण आणि आमच्या शेतातला चिऱ्याचा खड्डा

२०१७ च्या आषाढात आमच्या खड्ड्यातलं एक अकेशियाचं झाड वाऱ्याने आडवं झालं. आठ वर्षांचं झाड, खोड मांडीएवढं. सकाळी आबा आणि मी बघायला गेलो तर मुळांचा गड्डा उभा राहिला होता, तव्यासारखा चपटा, जाडी जेमतेम वीतभर. मुळं खाली गेलीच नव्हती. जांभ्याच्या तळाला लागून ती आडवी पसरली होती आणि एकमेकांत गुंतून त्यांची चटई झाली होती. झाड उपटलं तिथे खाली धुऊन निघालेला तांबडा कातळ दिसत होता आणि त्यावर चिरे काढणाऱ्यांनी घातलेले टिकावाचे घाव. पंचवीस वर्षांत त्या घावांवर एक मूळसुद्धा रुजलं नव्हतं.

आबा म्हणाले, "एवढी वर्षं आपण रान झालं, रान झालं म्हणून सांगत होतो बघ."

मी मातीचं शिक्षण घेतलेली बाई. त्या वाक्याने मला जे लागलं ते अजून लागतं. कारण हीच चूक मी कागदावर आधी वाचलेली होती, तीही एका युरेनियमच्या खाणीची. वाचून समजलेली गोष्ट स्वतःच्या रानात ओळखता आली नाही. म्हणून ही दोन्ही प्रकरणं इथे एकत्र मांडते आहे. मुख्य प्रकरण त्या खाणीचं. आमचा खड्डा सोबतीला, कारण त्याच्यामुळेच मला ती खाण खरी कळली.

युरेनियम आमच्या डोक्यात कुठून आलं ते सांगायला हवं. आमचं गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात. पण याच बेळगाव जिल्ह्यात, बैलहोंगल भागात, देशनूर आहे. तिथल्या खडकात केंद्राच्या अणुखनिज संचालनालयाने युरेनियमचा शोध घेतला. तेव्हा मी धारवाडच्या कृषी विद्यापीठात शिकत होते. वसतिगृहात त्या बाजूच्या मैत्रिणी होत्या. त्यांच्या घरी सुट्टीत एकच चर्चा: खाण झाली तर काय, आणि खाण संपली की जमीन परत पिकते का? पहिल्या प्रश्नावर गावात प्रत्येकाचं मत होतं. दुसऱ्यावर कुणाकडेच काही नव्हतं, आणि माती शिकणारी म्हणून सगळ्या माझ्याकडे बघायच्या. शोधता शोधता मी रम जंगलपाशी पोचले.

आपल्यासारख्याच पावसातली खाण

रम जंगल ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विन शहराच्या दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर, बॅचलर नावाच्या छोट्या गावाजवळ आहे. नाव ऐकून हसू येतं, पण तिथलं हवामान आपल्याला ओळखीचं आहे. वर्षाचा सगळा पाऊस चार-सहा महिन्यांत कोसळतो, साधारण दीड हजार मिलिमीटर, आणि मग महिनोन् महिने एक थेंब नाही. कणकुंबीला याच्या दुपटीहून जास्त पडतो, पण चाल तीच. जमीनही बरीचशी जांभ्याच्या जातीची, लोहाने तांबडी. युरेनियमच्या खाणींवरचं बरंचसं वाचन थंड किंवा कोरड्या मुलखातलं असतं, ते इथे उपयोगी पडत नाही. मुसळधार पाऊस, मग भेगाळणारा उन्हाळा, मग पुन्हा पाऊस, यात माती कशी वागते हे बघायचं तर रम जंगलच बघायला हवं.

१९४९ साली जॅक व्हाइट नावाच्या शेतकऱ्याला तिथे युरेनियमचं खनिज सापडलं आणि सरकारकडून बक्षीस मिळालं. १९५४ पासून खाण आणि प्रक्रियेचा कारखाना चालला. सुरुवातीचं युरेनियम अमेरिका आणि ब्रिटनच्या अण्वस्त्र कार्यक्रमासाठी गेलं. खनिजात तांबंही होतं, तेही काढलं. मुख्य खड्ड्याला त्या शेतकऱ्याचंच नाव, व्हाइट्स. खड्डा नदीच्या वाटेत येत होता म्हणून फिनिस नदीच्या पूर्व शाखेचं पात्र वळवलं. १९७१ मध्ये सगळं बंद झालं. कामगार गेले. त्या काळी खाण बंद करताना जमीन पूर्ववत करावी असं बंधन नव्हतं, त्यामुळे टाकाऊ खडकाचे ढीग, प्रक्रियेतून उरलेला बारीक गाळ आणि पाण्याने भरलेले खड्डे जागच्या जागी राहिले.

नंतर काय झालं हे समजायला मातीपेक्षा खडक कळायला हवा. टाकाऊ खडकात पायराइट होतं. लोह आणि गंधक यांचं हे खनिज जमिनीखाली असेपर्यंत निरुपद्रवी असतं. ते फोडून वर ढीग केलं की हवा आणि पाणी दोन्ही मिळतात आणि गंधकाम्ल तयार व्हायला लागतं. काही जिवाणूंचं तर जगणंच या क्रियेवर चालतं, त्यामुळे ती कित्येक पटींनी वेगाने होते. या आम्लात तांबं, जस्त, मँगनीज विरघळतं. प्रत्येक पावसाळ्यात ढिगातून झिरपलेलं हे पाणी पूर्व शाखेत उतरत गेलं. सगळ्यात वाईट पाणी पहिल्या पावसाचं, कारण उन्हाळाभर साचलेले क्षार एकदम धुऊन यायचे. नदीचा खालचा लांबच्या लांब पट्टा जवळजवळ निर्जीव झाला, काठची झाडं वाळली.

इथे एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. युरेनियमची खाण म्हटलं की आपण किरणोत्सर्गाला भितो, आणि भ्यायलाच हवं. पण रम जंगलची नदी मारली ती मुख्यतः आम्लाने आणि तांब्याने. मैत्रिणींना मी हे सांगितलं तेव्हा एकीचे वडील म्हणाले होते, "म्हंजे जे मोजायला येतील ते एकच यंत्र घेऊन येतील, आणि मारणारं दुसरंच असंल." त्यांनी नेमकं धरलं होतं.

पहिली दुरुस्ती

१९८३ ते १९८६ या काळात ऑस्ट्रेलियन सरकारच्या पैशातून मोठं काम झालं. खर्च सुमारे १ कोटी ८६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. उघड्यावर पसरलेला गाळ उचलून डायसन्स नावाच्या जुन्या खड्ड्यात भरला. व्हाइट्स खड्ड्यातलं आम्लाचं पाणी चुना घालून शुद्ध केलं. टाकाऊ खडकाच्या ढिगांचे कडे उतरते केले, पाणी वाहून जाईल असा उतार दिला, आणि त्यावर तीन थरांचं झाकण घातलं: खाली दाबून बसवलेल्या चिकण मातीचा थर, किमान २२५ मिलिमीटर, त्यावर ओल धरणाऱ्या पोयट्याचा २५० मिलिमीटर, सगळ्यात वर खडीवाळूचा १५० मिलिमीटर, म्हणजे पावसाच्या माऱ्याने खालचं धुऊन जाऊ नये. वर चाऱ्याचं गवत पेरलं.

हिशेब असा होता की आधी पडणाऱ्या पावसातला सुमारे निम्मा ढिगात मुरत होता. झाकणानंतर तो पाच टक्क्यांच्या आत यावा. शास्त्रज्ञांनी ढिगात नळ्या उतरवून आतलं तापमान आणि प्राणवायू मोजला, कारण पायराइट जळतं तेव्हा ढीग आतून गरम होतो. आकडे चांगले आले. मुरणारं पाणी घटलं, नदीत उतरणारं तांबं घटलं. वरून बघितलं तर हिरवंगार कुरण. त्या काळात अशा खाणींच्या दुरुस्तीचं उदाहरण म्हणून जगभर रम जंगलकडे बोट दाखवलं जायचं.

मला या कामाबद्दल आदर आहे. ज्यांनी केलं त्यांनी मन लावून केलं, आणि मोजमाप ठेवलं म्हणूनच पुढचं आपल्याला कळतं.

झाकण शंभर वर्षं टिकेल असा अंदाज होता. २००३ च्या सरकारी पाहणीत दिसलं की ते वीस वर्षांच्या आतच निकामी झालं आहे. ढिगात मुरणारं पाणी पुन्हा वाढलं होतं आणि भूजलात दूषण उतरलं होतं.

झाकण का फुटलं

कारणं एकाहून जास्त होती, आणि त्यातलं एकही अचाट नव्हतं. मला तर ती आपल्या घराच्या धाब्यासारखी वाटतात.

चिकण माती ओली असते तोवर पाणी अडवते. सहा महिन्यांच्या कोरड्या काळात ती आक्रसते, भेगा पडतात. पावसात त्या मिटतात, पण पूर्ण मिटत नाहीत. दर वर्षी थोडी थोडी भेग राहून जाते. काही ठिकाणी थर मुळात ठरल्यापेक्षा पातळ पडला होता. मग मुळं. गवताची मुळं वरच राहतात, पण वाऱ्याने आणि पाखरांनी आणलेलं झुडूप ओलीच्या शोधात थेट चिकण मातीत उतरतं; झुडूप मेलं की मुळाच्या जागी नळी राहते. आणि वाळवी. उत्तर ऑस्ट्रेलिया म्हणजे वारुळांचा मुलूख. वाळवीला आणि मुंग्यांना दाबलेली चिकण माती म्हणजे हवं तसं घर. त्यांच्या बोगद्यांनी झाकणाला चाळण केलं.

यावर गांबा गवताने कळस केला. हे आफ्रिकेतलं उंच गवत, गुरांना चारा म्हणून ऑस्ट्रेलियात आणलं आणि उत्तर भागात बेफाम पसरलं. खाणीच्या जागेवरही ते माजलं. पुरुषभर उंचीचं गवत उन्हाळ्यात वाळतं आणि पेटतं तेव्हा तिथल्या देशी गवताच्या आगीहून कितीतरी पट भडकतं. अशा आगीत देशी झाडांची कोवळी रोपं टिकत नाहीत. म्हणजे जागा लांबून हिरवी, पण तिथलं मूळचं रान परत यायला वाट नाही.

या सगळ्याच्या मागे मला एकच उणीव दिसते. दुरुस्ती संपली असं मानलं गेलं. मोजणाऱ्यांनी आपलं काम काही वर्षं केलं, पण दर पावसाळ्यानंतर झाकणावरून चालत जाऊन भेग बुजवणारा, झुडूप उपटणारा माणूस त्या योजनेत नव्हता. धाब्याचं घर असलेल्याला कुणी शिकवावं लागत नाही की मृगाच्या आधी वर चढून पांढरी माती लिंपायची. ते आपण दर वर्षी करतो, कारण गळलं तर आपल्याच डोक्यावर गळतं.

आमचा पहिला डाव

आता आमचा खड्डा. १९९० च्या आसपास आजोबांनी तीन एकर माळ एका ठेकेदाराला चिऱ्यांसाठी दिला. आत्याचं लग्न होतं, पैसे हवे होते. वरची हात-दीड हात माती ठेकेदाराने आधी खरवडून वीटभट्टीला विकली. ती बाजूला ढीग करून ठेवावी आणि शेवटी परत पसरावी असं बोलणं झालं होतं, कागदावर नव्हतं. दोन-तीन पुरुष खोल गेल्यावर चिरा संपून पांढरट-गुलाबी चिकट माती लागायला लागली तसं काम थांबलं आणि तो निघून गेला. आज्जी त्या खड्ड्याकडे जायची नाही. म्हणायची, "माती इकली आमी. आईचं कुंकू इकल्यागत झालं."

त्या वाक्यातलं शास्त्र मला नंतर कळलं. वरच्या त्या हातभर थरात बिया असतात, बुरशीचे धागे असतात, कुजलेला पाला असतो. एकदा गेला की तो विकत मिळत नाही. खाणवाले शहाणे असतील तर खरवडलेली माती उंच ढिगात वर्षानुवर्षं ठेवत नाहीत, कारण ढिगाच्या पोटात हवा नसते आणि जीव गुदमरतो. पुरुषभराच्या आतले ढीग करतात, किंवा एका टोकाची माती काढून लगेच दुसऱ्या टोकाला, जिथे खणून संपलं तिथे, पसरतात.

२००९ साली आम्ही तिथे अकेशिया लावला. सगळीकडे तोच लावत होते, खानापूरपासून खाली कारवारपर्यंत. रोपं स्वस्त, गुरं खात नाहीत, कातळावरही वाढतो. वर वीतभर माती टाकली, आळी केली. पाच वर्षांत खड्डा हिरवा झाला. येणारा-जाणारा थांबून कौतुक करायचा. मीही फोटो काढले होते.

फक्त खालच्या खाचराचे काका कौतुक करत नव्हते. पहिल्या पावसाला आमच्या खड्ड्यातून तांबडं पाणी सुटायचं आणि त्यांच्या भाताच्या तरव्यावर बारीक चिखलाचा थर बसायचा. ते दर वर्षी येऊन सांगायचे, "तुमच्या रानातलं पाणी माज्या तरव्यात येतंय गा, काय तरी बघा." आबा म्हणायचे, झाडं मोठी झाली की थांबेल. थांबलं नाही. अकेशियाचा पाला चामड्यासारखा, लवकर कुजत नाही. खाली दुसरं काही उगवू देत नाही. पाऊस त्या पाल्यावरून घसरून थेट खालच्या मातीला वाहून नेत होता.

आणि एक गोष्ट, जी मला झाड पडल्यावर रात्रभर छळत राहिली: आपण लावतो तो हा अकेशिया मूळचा उत्तर ऑस्ट्रेलियातला. रम जंगलच्या मुलखात तो घरचा आहे. तिकडे आफ्रिकेचं गवत परकं होऊन माजलं, इकडे त्यांचं झाड. दोन्हीकडे कारण एकच होतं, लवकर हिरवं दिसावं.

दुसरा डाव

२०१८ पासून आम्ही पुन्हा सुरुवात केली. या वेळी आधी पाणी, झाड सगळ्यात शेवटी. पहिल्या पावसात काकांच्या बांधावर उभं राहून मी बाटलीत पाणी धरलं आणि घरी आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तळाला तीन बोटं गाळ बसला होता. ती बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली, ती अजून आहे.

खड्ड्याच्या तोंडाशी दगडी बांध घातला आणि त्याच्या आत गाळ बसायला हौद केला. मग तळ. सहा-सहा फुटांवर पहारीने आणि ब्रेकरने चर मारले, कातळाची अखंड फरशी मोडली. काही ठिकाणी तीन फुटांवर खालचा मऊ थर लागला. तिथे पाणी आत जायला लागलं ते आवाजावरून कळलं, गुळगुळ वाजत होतं. मातीसाठी पंचायतीला विचारून गावतळ्याचा गाळ आणला, त्यात शेणखत आणि भाताचा तूस मिसळला. चरात ही भर कंबरभर, बाकी तळावर हातभर.

आणलेल्या गाळाचा सामू, म्हणजे पीएच, बरा होता. खड्ड्यातल्या जुन्या मातीचा मात्र पाचच्या जवळ, म्हणजे आंबट, आणि स्फुरद (फॉस्फरस) नावाला. जांभ्याच्या मातीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाला असं पकडून ठेवतात की मुळाला मिळत नाही. आम्ही थोडा चुना दिला, आणि रॉक फॉस्फेट, कारण आंबट मातीत ते हळूहळू विरघळत राहतं. पहिल्या वर्षी फक्त ताग आणि कुळीथ पेरला आणि फुलावर आला तसा तिथेच गाडला. दुसऱ्या वर्षी करवंद आणि धायटी. तिसऱ्या वर्षापासून जांभूळ, किंजळ, आईन, नाणा, हिरडा.

अकेशिया एकदम तोडला नाही. एक आड एक रांग काढली, म्हणजे उरलेल्याच्या सावलीत देशी रोपांना पहिला उन्हाळा काढता येईल. त्याची आपोआप उगवलेली पिलावळ मात्र दर श्रावणात उपटतो. रानमोडी आणि घाणेरीही. हे काम कंटाळवाणं आहे, आणि ते टळणार नाही.

रोपांसाठी सगळ्यात जवळचं बियाणं देवाच्या रानात होतं. तिथली मूठभर मातीही हवी होती, त्यातल्या बुरशीसाठी. आज्जीने साफ सांगितलं, देवाच्या रानातलं पान आणायचं नाही. मी वाद घातला नाही. गावकीत विषय काढला, गाऱ्हाणं घातलं, आणि ठरलं की रानाच्या हद्दीबाहेर पडलेलं बी घ्यावं, माती घेऊ नये. मातीसाठी आमच्याच बांधावरच्या जुन्या जांभळाखाली खणलं. माझं काम त्याने अडलं नाही. उलट गावकीत विषय निघाल्यामुळे बी गोळा करायला शाळेतली पोरं आली आणि खड्डा आमच्या एकट्याचा राहिला नाही.

रम जंगललाही पुढे हेच करावं लागलं. ती जमीन कुंगाराकान आणि वाराई या तिथल्या आदिवासी लोकांची. पहिल्या दुरुस्तीत गाळ कुठे भरावा, नदी कुठून न्यावी, हे ठरवणारे दुसरेच होते. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाचं केंद्र सरकार आणि नॉर्दर्न टेरिटरी या तिथल्या प्रांताचं सरकार यांच्यात करार होऊन नव्याने अभ्यास सुरू झाला, तेव्हा या लोकांना बरोबर घेऊन आराखडा केला. २०२१ मध्ये प्रत्यक्ष कामासाठी पैसा मंजूर झाला. टाकाऊ खडक नदीकाठावरून उचलायचा, चुना मिसळायचा, काही मुख्य खड्ड्यात पाण्याखाली भरायचा म्हणजे हवा लागणार नाही, उरलेला दूर नव्या जागी झाकून ठेवायचा, आणि नदी शक्य तितकी आपल्या जुन्या वाटेने वाहू द्यायची. १९७१ मध्ये बंद झालेली खाण अजून बंद होतेच आहे.

जिथे आमचा खड्डा पुरा पडत नाही

इथे मला स्वतःला आवरावं लागतं, कारण आमच्या खड्ड्यात विष नव्हतं. युरेनियमच्या जागेवर फक्त माती आणि झाडं परत आणून भागत नाही.

खनिजातून युरेनियम काढून घेतलं तरी मूळ किरणोत्साराचा सुमारे ८५ टक्के भाग उरलेल्या गाळात राहतो, कारण रेडियम आणि ज्यातून रेडियम बनतं ते थोरियम तिथेच राहतं. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, १,६०० वर्षं. त्यातून रेडॉन वायू सुटत राहतो. रेडॉनचं अर्धायुष्य मात्र जेमतेम ३.८ दिवस. म्हणून ओल्या चिकण मातीचा जाड थर उपयोगी पडतो: वायूला वर यायला वेळ लागतो आणि वाटेतच तो संपतो. म्हणजे त्या झाकणाला एकाच वेळी पाणी आत जाऊ द्यायचं नाही आणि वायू बाहेर येऊ द्यायचा नाही, आणि ते भेगाळू नये म्हणून ओलंही राहायला हवं. त्यावर खोल मुळांची झाडं लावायची की फक्त गवत, हा तिथला खरा पेच आहे. झाड लावलं नाही तर धूप. लावलं तर मूळ झाकणात. यावर आता वरचा ओल धरणारा थर मीटर-दोन मीटर जाड ठेवतात, म्हणजे मुळाला खाली शिरायची गरजच पडू नये.

आपल्या जांभ्याचा एक गुण इथे कामाचा आहे. त्यातलं लोह युरेनियमला धरून ठेवतं. पण पाणी फार आंबट झालं की सोडून देतं. म्हणून सामूवर लक्ष हवं, नुसत्या किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रावर नको. चाऱ्याचंही तसंच. युरेनियम बहुतेक मुळातच अडकतं, पानापर्यंत कमी येतं. रेडियम मात्र झाडाला आणि गुराला चुन्यासारखं वाटतं. ते हाडात जाऊन बसतं. अशा जागेवर उगवलेलं हिरवं गवत बघून गुरं सोडणं धोक्याचं आहे. सूर्यफूल लावलं की जमीन स्वच्छ होते असं आमच्याकडे एक-दोघं सांगत होते. सूर्यफुलाची मुळं पाण्यातलं युरेनियम ओढतात हे खरं. मातीतलं इतकं ओढत नाहीत की त्यावर विसंबावं.

ऑस्ट्रेलियातल्याच रेंजर या युरेनियमच्या खाणीला, जी काकडू राष्ट्रीय उद्यानाने वेढलेली आहे, गाळ १०,००० वर्षं बाहेर पडता कामा नये अशी अट आहे. तिथली प्रक्रिया जानेवारी २०२१ मध्ये थांबली. दुरुस्तीचा खर्च अब्जावधी डॉलरवर गेला, आणि ठरलेली मुदत वाढवावी लागली. दहा हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे भाताची शेतीही नव्हती. हा आकडा मी देशनूरच्या मैत्रिणीला फोनवर सांगितला तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही.

आपल्याकडे मोठ्या खनिजांसाठी खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी आर्थिक हमी २००३ पासून सक्तीची आहे. माझं मत असं की आराखड्यात किती झाडं लावली हे मोजण्याऐवजी तीन गोष्टी आधी विचाराव्यात: वरची माती कुठे ठेवली आहे, खालच्या गावाच्या पाण्याचे खाण सुरू होण्याआधीचे आकडे कुणाकडे आहेत, आणि पन्नासाव्या पावसाळ्यानंतर झाकणावरून कोण चालत जाणार आहे, कुणाच्या पगारावर. चिऱ्याच्या खाणींना तर एवढंही कुणी विचारत नाही, आणि आमच्या तालुक्यात असे उघडे खड्डे किती आहेत ते रस्त्याने जाताना दिसतं.

फळीवरच्या बाटल्या

मागच्या दिवाळीत मी तिसऱ्या चराजवळ कुदळ घातली. वर अर्धवट कुजलेला पाला, दोन बोटं. त्याखाली काळपट माती, रवाळ, हातात दाबली तर गोळा होऊन पुन्हा सुटणारी. एका कुदळीच्या मातीत चार गांडुळं. किंजळाचं एक मूळ सरळ खाली गेलं होतं, चरातून कातळाच्या भेगेत. मी तिथे हात घालून ते चाचपलं, टोक सापडलं नाही. गाळाच्या हौदाचा चिकण मातीचा बांध मात्र वाळवीने एका जागी पोखरला होता. तो फोडून पुन्हा दाबला. सात वर्षांत दोनदा झालं हे.

फळीवर आता सात बाटल्या आहेत. पहिल्या बाटलीत गाळ तीन बोटं, मधल्या एका वर्षी हौद भरून वाहिला तेव्हा पुन्हा दोन, आणि यंदा अर्धं बोट. पाणी अजून नितळ नाही. आता बाटली काकाच धरतात, तेही त्यांच्याच बांधावर. तारीख खडूने घालतात. यंदा आणून दिली तेव्हा म्हणाले, "कुठं उभं राहून धरायची ते नातवाला दावून ठेवलंय. पहिला पाऊस रात्रीचा आला तर मला दिसत न्हाई आता."

मी त्याला बॅटरी घेऊन दिली आहे.